बनी तो पेटी, नहीं तो परभणी

हार्मोनियम बनवण्याची विद्या परभणी जिल्ह्यात हार्मोनियम उघडण्यापासून सुरू होते. नवी पेटी बहुधा बाहेरून येते, कोलकात्याहून, दिल्लीहून, नाहीतर मुंबई-पुण्याहून. बिघडते मात्र इथेच. सेलू घ्या, सोनपेठ घ्या, जिंतूर किंवा पालम घ्या, गावात भजनी मंडळ असते, मंडळाला पेटी असते आणि पेटीतली निदान एक पट्टी खाली बसून वर यायचे विसरलेली असते. शिकाऊ उमेदवाराच्या दृष्टीने ही परिस्थिती आदर्श म्हटली पाहिजे. ज्या मुलखात वाद्ये धडधाकट असतात तिथे ती बनवणारे नवे हात तयार होत नाहीत.

शिकाऊ उमेदवारी कायद्यातही आहे. १९६१ साली तिच्यासाठी स्वतंत्र अधिनियम झाला. पुढे २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली आणि बारावीवाल्याला दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले. लोकांनी तिचे ‘लाडका भाऊ’ असे बारसे करून टाकले. पेटीच्या दुकानातली उमेदवारी या दोन्ही कागदांच्या बाहेर चालते. इथे विद्यावेतन चहाच्या रूपाने मिळते, हजेरीपट उस्तादांच्या डोक्यात असतो आणि मुदत ‘हात बसेपर्यंत’ अशी असते. हात बसला की नाही हे उस्ताद ठरवतात, आणि त्यांच्या मते त्यांचा स्वतःचा हातसुद्धा अजून पुरता बसलेला नाही.

दुरुस्ती करणाऱ्याला ‘उस्ताद’ म्हणण्याची मराठवाड्यात पद्धत आहे. मग तो मोटारसायकलचा असो की पेटीचा, कपाळाला बुक्का लावणारा असो की नमाज पढणारा. जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्य गेले, उस्ताद राहिले.

उमेदवार कोण होतो, हेही पाहण्यासारखे आहे. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण बाहेरचे लोक हसून सांगतात आणि इथले लोक जरा कमी हसून ऐकतात. पोलीस भरतीची धावण्याची वेळ चुकलेला, तलाठ्याच्या परीक्षेत दोन गुणांनी राहिलेला, डीएड करून जाहिरातीची वाट बघणारा अशी मुले ‘तोपर्यंत काहीतरी’ म्हणून दुकानात येतात. त्यातले काही ‘तोपर्यंत’ दहा-बारा वर्षे टिकतात. सुताराच्या घरातला मुलगा सर्वांत उपयोगी, कारण त्याला लाकूड कधी खोटे बोलते ते कळते. ज्याला पेटी वाजवता येते तो सर्वांत निरुपयोगी. प्रत्येक उघडलेली पेटी तो वाजवून पाहतो, वाजवता वाजवता रंगतो, आणि दुपारपर्यंत दुकानात दुरुस्ती शून्य व भूप तीनदा झालेला असतो.

पट्ट्यांची वाद्ये बनवण्याच्या विद्येचा युरोपातला इतिहास लांबलचक आहे आणि परभणीतल्या उमेदवाराला तो कोणी सांगत नाही. पण सांगितला तर त्याला बरे वाटेल. अँटवर्प शहरात १५५७ साली हार्प्सिकॉर्ड बनवणाऱ्या दहा कारागिरांनी सेंट ल्यूकच्या श्रेणीत, म्हणजे कारागीरसंघात, आपल्याला कारागीर म्हणून घ्यावे असा अर्ज केला. ती श्रेणी मुळात चित्रकारांची. अर्ज मंजूर झाला, पण अट आली: यापुढे प्रत्येक नव्या कारागिराने निदान पाच फूट लांबीचे एक वाद्य स्वतः बनवून, तारा चढवून, सुरात लावून परीक्षकांना दाखवायचे. परभणीत परीक्षकांचे काम भजनी मंडळ करते. त्याला फुटाची अट नाही, पण ते पहाटेच्या काकड्याला परीक्षा घेते, आणि ती लाउडस्पीकरवरून साऱ्या गावाला ऐकू जाते.

हार्प्सिकॉर्डची तार पक्ष्याच्या पिसाच्या देठाने छेडली जाते. प्रत्येक पट्टीमागे एक देठ, आणि तो झिजला की नवा तासून बसवायचा. योहान सेबास्टियन बाख यांना दुसऱ्या कोणी बसवलेली पिसे पसंत पडत नसत म्हणून ते ही कटकट स्वतः करीत, असे त्यांच्या चरित्रकाराने नोंदवले आहे. जगातल्या सगळ्या उस्तादांचा स्वभाव एकच असतो, याला यापेक्षा मोठा पुरावा नको.

आपल्याकडे पट्ट्यांची वाद्ये आली ती दरबारात, आणि आली तशी चकित करून गेली. गोव्याकडून आणलेला ऑर्गन अकबराच्या दरबारी दाखवला गेला तेव्हा बदायूनी या इतिहासकाराने त्याचे वर्णन लिहून ठेवले: माणसाएवढी पेटी, आत एक फिरंगी बसलेला, बाहेर दोघे जण मोराच्या पंखांसारख्या कशावर तरी बोटे फिरवताहेत. यावरून वाद्य कसे होते हे कळत नाही. पण बंद पेटीचे आतले काम पाहण्याचा मोह बदायूनीलाही आवरला नाही, हे कळते. श्रीरंगपट्टणम १७९९ साली पडले तेव्हा इंग्रजांच्या हाती टिपू सुलतानाचा लाकडी वाघ लागला. त्याच्याखाली इंग्रज सोजीर पडलेला आहे आणि वाघाच्या कुशीतला दरवाजा उघडला की आत चक्क पट्ट्यांचा छोटा ऑर्गन. हा वाघ आज लंडनच्या संग्रहालयात आहे. भारतात बनलेल्या पट्ट्यांच्या वाद्यांत इतके स्पष्ट राजकीय मत दुसऱ्या कोणत्याही वाद्याने मांडलेले नाही.

ज्याची पेटी झाली ते हार्मोनियम अलेक्झांडर देबँ याने पॅरिसमध्ये काढले. त्याचे पेटंट १८४२ सालचे. ते पायाने हवा भरायचे, खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी वाजवायचे वाद्य होते. भारतात अडचण खुर्चीची आली. गाणारा सतरंजीवर आणि साथ करणारा त्याच्यापेक्षा दोन फूट उंच, हे दृश्य बैठकीच्या शिस्तीत बसेना. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या भागात हातपेटी घडवली, पायातले भाते पाठीला नेले आणि वाद्याला मांडी घालायला शिकवले. एक हात भात्यात अडकला म्हणून पट्ट्यांना एकच हात उरला. युरोपियन माणसाला हे अपंगत्व वाटले असते. आपल्या गाण्याला एका वेळी एकच सूर हवा होता, त्यामुळे कोणाचेच काही अडले नाही.

मराठी मुलुखाने तर पेटीला डोक्यावर घेतले. संगीत नाटकांनी तिला रंगभूमीवर मानाची जागा दिली. १९११ साली आलेल्या ‘मानापमान’च्या चाली करणारे गोविंदराव टेंबे स्वतः पट्टीचे पेटीवादक होते. मराठवाड्याच्या वाट्याला अप्पा जळगावकर आले. जालन्याजवळच्या खेड्यातला हा माणूस देशातल्या मोठमोठ्या गायकांच्या शेजारी बसून गेला. एवढे सगळे असताना आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून पेटीला दारातच अडवले: सूर तुटक, मींड नाही, श्रुती नाहीत. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. आता परभणीतच आकाशवाणीचे केंद्र आहे. तीस वर्षे दिल्लीने जे वाद्य बेसूर ठरवले त्यावर इकडच्या गावांनी तीस वर्षे अभंग म्हटले. गावांपर्यंत बंदीची बातमी पोचली होती की नाही कोण जाणे. पोचली असती तरी काकडा थांबला नसता.

आता प्रत्यक्ष शिक्षण.

पहिला धडा स्क्रूंचा. पेटी उघडताना निघालेले स्क्रू कोणत्या वाटीत ठेवले हे लक्षात ठेवणे ही या विद्येची बाराखडी. दुसरा धडा पट्ट्यांवर पेन्सिलीने आकडे टाकण्याचा. साडेतीन सप्तकांच्या पेटीत ४२ पट्ट्या असतात. दिसायला सगळ्या काळ्या आणि सगळ्या पांढऱ्या सारख्या, पण प्रत्येक आपापल्या जागीच बसते. आकडे न टाकता पट्ट्या काढणारा उमेदवार प्रत्येक दुकानात एकदा तरी होऊन जातो आणि त्याची गोष्ट पुढच्या सर्व उमेदवारांना सांगितली जाते.

उस्तादांची शिकवण्याची पद्धत स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. उमेदवाराशी ते एकाच क्रियापदात बोलतात: ‘बघ.’ काय बघ, कुठे बघ, का बघ, हे ते सांगत नाहीत. सगळी शास्त्रीय माहिती ते गिऱ्हाइकाला देतात. आतला भाता बाहेरच्या भात्याची हवा साठवतो, त्याला खालून स्प्रिंगा वर ढकलतात, म्हणून हात थांबला तरी सूर थांबत नाही. पट्टी दाबली की मागचे झाकण उचलते, भोकातून हवा सुटते आणि सुटताना पितळेच्या जिभेला हलवते. हे सगळे ते मानवतहून आलेल्या टाळकऱ्याला तासभर समजावतात. टाळकऱ्याला फक्त पेटी किती वाजता मिळणार हे हवे असते. उमेदवार कोपऱ्यात पट्ट्या पुसत बसलेला असतो आणि सगळे व्याख्यान त्याच्या कानांवर पडते. ज्याने कान देऊन पट्ट्या पुसल्या तो शिकला. ज्याने नुसत्याच पट्ट्या पुसल्या, त्याच्या पट्ट्या मात्र स्वच्छ निघतात.

पेटीच्या पोटात काय सापडते याची यादी शिक्षणाचाच भाग आहे. भात्याच्या झडपेतून खोलीतली हवा आत जाते, म्हणजे खोलीत जे काही उडते तेही आत जाते. बुक्का, गुलाल, उदबत्तीची राख, काळ्या मातीची धूळ, आणि कापसाच्या हंगामात कापसाचा धागा. पट्ट्यांच्या फटींतून अक्षता, तुळशीची वाळलेली पाने, आरतीच्या तबकातून उडालेले एक-दोन रुपयांचे नाणे, मंगळसूत्राचा एखादा काळा मणी, आणि घडी घालून ठेवलेली चिठ्ठी, जिच्यावर कोणत्या घरी जेवण आणि कोणत्या घरी चहा याची यादी असते. अनुभवी उस्ताद हा गाळ पाहून पेटी कोणत्या गावची, मंडळात किती माणसे आणि शेवटचा सप्ताह केव्हा झाला एवढे सांगू शकतात. नाणे सापडल्यास ते गिऱ्हाइकाला परत द्यावे असा नियम आहे. तो नोटांना जास्त कडकपणे लागू पडतो, कारण नोट ठेवणारा ती विसरत नाही.

उंदीर हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय. भात्याच्या घड्यांवर कापड आणि मऊ कातडे असते. ते चिकटवायला पूर्वी खळ किंवा सरस वापरत, आणि दोन्ही उंदराच्या आवडीचे. देवळाच्या खोलीत रात्रभर ठेवलेली पेटी म्हणजे त्याला प्रसादाचा डबा. झुरळे लहान कामे करतात, झाकणाखालचे कातडे कुरतडतात. कुंभारीण माशी सर्वांत शांत आणि सर्वांत नुकसानकारक: एकाच भोकात चिखलाचे घर बांधते आणि नेमका मध्यम बंद पाडते. मालक म्हणतो, सूर मेला. सूर जिवंत असतो, त्याच्या अंगणात फक्त बांधकाम झालेले असते.

मग गळती. पेटीचा मुख्य आजार हाच. भाता भरायचा, सगळ्या खुंट्या बंद करायच्या आणि किती वेळ हवा टिकते ते पाहायचे. हवा हळूहळू उतरली तर ठीक. भसकन गेली तर कुठेतरी फट आहे. फट शोधायला उमेदवाराच्या हाती पेटवलेली उदबत्ती देतात. तो ती पेटीभोवती फिरवतो आणि जिथे धूर अचानक बाजूला पळतो तिथे बोट ठेवतो. दारावरून जाणाऱ्यांना हा विधी वाटतो. दुकानात पूजा चालू आहे असे समजून काहीजण चप्पल काढून नमस्कार करून जातात. उस्ताद त्यांना काही समजावत नाहीत. गिऱ्हाइकाच्या श्रद्धेत भर पडली तर बिलात फरक पडतो.

परभणीच्या हवामानाने या विद्येला मोठा हातभार लावला आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३ अंशांकडे सरकतो. लाकूड सुकून आकसते, जोड उघडतात आणि पेटी गळू लागते. जुलैमध्ये हवा ओली होते, तेच लाकूड फुगते आणि पट्ट्या शेजारणीला खेटून अडकतात. म्हणून उन्हाळ्यात जी पेटी ‘दमायलीय’ म्हणून येते तीच पावसाळ्यात ‘अडायलीय’ म्हणून परत येते. उन्हाळ्यात उत्साहाच्या भरात फट फार घट्ट बुजवणाऱ्या उमेदवाराला ही दुसरी फेरी फुकट करावी लागते. सागवान आधी वर्षानुवर्षे सुकवून वापरावे, हा नियम त्याला पुस्तकातून नव्हे, त्या फुकटच्या फेरीतून पाठ होतो.

येथून पुढे विद्या खरोखर अवघड होते, कारण येथून पुढे कान लागतो.

पेटीतला प्रत्येक सूर म्हणजे पितळेच्या पट्टीतली चीर आणि त्या चिरेवर एका टोकाने रिव्हेट केलेली पितळेची जीभ. दोन लाइनच्या, म्हणजे पट्टीमागे दोन सूर असलेल्या, पेटीत असे ८४ सूर असतात. खर्ज जाड आणि लांब, नर मधला, मादी बारीक. बाजारात सूर याच नावांनी मागितले जातात आणि नवा उमेदवार पहिल्या दिवशी हसतो, दुसऱ्या दिवसापासून तोही तसेच मागतो. गुजरातेतले पालिताणा गाव या सुरांसाठी प्रसिद्ध आहे. जीभ चिरेच्या फार जवळ असली तर जोरात हवा आल्यावर ती गुदमरते, फार वर असली तर हवा खाते आणि उशिरा बोलते. हे अंतर मोजायचे नसते, पाहायचे असते. पुन्हा तेच क्रियापद.

सूर चढवायचा तर जिभेचे टोक खरवडायचे, कारण टोक हलके झाले की जीभ झपाट्याने हलते. उतरवायचा तर मुळाजवळ खरवडायचे, म्हणजे ती लवचीक होते. वाक्य दोनच, पण त्यांची अदलाबदल झाली की जे होते ते उस्ताद मोठ्याने सांगतात. खरवडलेले पितळ परत चिकटत नाही. टोक आणि मूळ दोन्हीकडून आळीपाळीने खरवडत गेलेला उमेदवार शेवटी इतक्या पातळ जिभेपाशी पोचतो की ती एका भजनात तुटते, आणि तीही गजराच्या वेळी, जेव्हा सगळे मंडळ उभे राहून नाचत असते.

दोन सूर एकत्र वाजवले आणि ते किंचित वेगळे असले की आवाज थरथरतो. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात याला विस्पंद म्हणतात, दुकानात ‘पाणी हलायलंय’ म्हणतात. थरथर मंद होत होत थांबली की सूर मिळाला. ही थरथर ऐकण्यासाठी शांतता लागते, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर शांतता रात्री अकरानंतर मिळते, तीही लग्नसराई नसेल तर. शिवाय छताचा पंखा बंद करावा लागतो, कारण त्याची घरघर कानाला चुकीची थरथर दाखवते. मे महिन्यात पंखा बंद करून पेटी सुरात लावणे हे या शिक्षणातले सर्वांत कठोर तप आहे. घामाचा थेंब पितळेवर पडला तर तो पुसण्याआधी सूर ऐकू नये, असा संकेत आहे.

अलीकडे उमेदवार मोबाइल घेऊन येतात. मोबाइलवर सूर मोजणारे अॅप असते, काटा मध्यावर आला की हिरवा दिवा लागतो. उमेदवाराला वाटते उस्तादांचा धंदा बसला. मग तो हिरव्या दिव्याने सगळी पेटी लावतो आणि गायक ती दोन मिनिटांत परत पाठवतो. सप्तकाचे बारा सारखे भाग केले की गांधार शुद्ध गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (स्वरांतर मोजण्याचे एकक) चढा राहतो. तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला तो खुपतो. अॅप चूक नसते, ते समान भागांचा हिशेब बरोबर सांगते. पण गायकाला समान वाटणी नको असते. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी याच दुखण्यावर २२ श्रुतींची हार्मोनियम तयार केली. भजनी मंडळांना ती अजून फारशी लागलेली नाही. त्यांचा गांधार शंभर टाळांच्या आवाजात कोणालाच तपासता येत नाही, आणि ही त्यांनी काढलेली तोड श्रुतींपेक्षा स्वस्त आहे.

गिऱ्हाईक हा अभ्यासक्रमातला शेवटून दुसरा विषय. गुणही त्यालाच जास्त. पेटी एकच, पण तिचे हंगाम वेगळे. फेब्रुवारीत परभणीचा तुराबुल हक यांचा उरूस, म्हणजे कव्वालांची पेटी: आवाज मोठा पाहिजे, सूर झणझणीत पाहिजे. १४ एप्रिल जवळ आला की भीमगीतांच्या गायन पार्ट्या येतात. त्यांना काळी चार, काळी पाच यांच्या आसपासच्या पट्ट्या भक्कम लागतात, कारण गायिका तिथे गातात आणि रात्रभर गातात. आषाढीला दिंडीची पेटी गळ्यात अडकवायची असते, तिच्या कड्या आणि पट्टे आधी पाहायचे, सूर नंतर. श्रावणात सप्ताह सुरू झाले की दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. या सगळ्यांच्या पेट्या बाकावर शेजारी शेजारी उघड्या पडलेल्या असतात आणि सुटे भाग एकमेकांच्या वाट्यांत गेलेले असतात. गंगाखेडच्या जनाबाईच्या अभंगाला गेलेल्या पेटीत उरुसातल्या पेटीची स्प्रिंग असण्याची शक्यता चांगली असते. आजवर कोणाच्या सुरात त्यामुळे फरक पडल्याचे ऐकिवात नाही.

गिऱ्हाइकाची भाषा समजून घ्यावी लागते. ‘आवाजच येईना’ म्हणजे एक सूर बंद आहे. ‘एकच सूर बंद आहे’ म्हणजे भाता फाटला आहे. ‘काही नाही, नुसती साफ करून द्या’ म्हणजे पेटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पडली आहे. ‘आमच्या पोरानं थोडी उघडली होती’ हे वाक्य ऐकल्यावर उस्ताद चहा मागवतात आणि उमेदवार वाट्या मोजतो. मग भाव सुरू होतो.

‘उस्ताद, देवाचं काम हाय, कमी करा.’

‘देवाचंच करायलो मामा, म्हणून तर एवढंच सांगितलं.’

यानंतर दोघेही देवाला मध्ये न घेता एका आकड्यावर येतात. पैसे निम्मे आता, निम्मे काल्याच्या कीर्तनानंतर. काल्यानंतरचे निम्मे म्हणजे पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीचे आगाऊ, हे उमेदवाराला दुसऱ्या श्रावणात कळते.

नवी पेटी बनवण्याचा विषय सर्वांत शेवटी येतो आणि तो दुकानातल्या सगळ्या मोडक्या पेट्यांमधून उतरलेला असतो. सागवानाची चौकट, कोपऱ्यांचे जोड, आत हलक्या लाकडाचे सूरपाट, त्यावर एकेक भोक नेमक्या मापाचे, भोकाखाली सूर, भोकावर कातड्याचे झाकण, झाकणाला पट्टी, पट्टीला स्प्रिंग. दुरुस्ती करताना जे जे चुकीचे सापडले ते ते टाळत जायचे. या पद्धतीने बनवलेली पहिली पेटी इतक्या दक्षतेने बनते की ती उचलायला दोन माणसे लागतात. तिच्यात गळती नसते, कारण हवा आत जायलाच जागा राहिलेली नसते. ही पेटी बहुधा देवळाला दिली जाते. देव तक्रार करत नाही आणि पुजाऱ्याला वाजवता येत नाही, त्यामुळे ती बरीच वर्षे टिकते. दुसरी पेटी हलकी होते आणि गळते. तिसरी विकली जाते, मामाला. चौथीपासून उमेदवार मोबाइल खिशात ठेवतो आणि गिऱ्हाइकाला आतल्या भात्याचे व्याख्यान द्यायला लागतो. त्या दिवशी उस्ताद कोपऱ्यात बसून पट्ट्या पुसतात आणि काही बोलत नाहीत, हेच प्रमाणपत्र.

बाहेर मागणी कमी झालेली नाही. लग्नाच्या बँडमध्ये आणि शाळांच्या स्नेहसंमेलनात कॅसिओ आला, त्याच्या एका बटणात पेटीचा आवाजही आहे, आणि तरीही सप्ताहाच्या मंडपात लाकडाचीच पेटी लागते. कारण एकदम व्यवहाराचे आहे: पहाटे चारला वीज गेली तरी ती वाजते.

ज्यांच्या घरी किंवा देवळात पेटी आहे त्यांनी ती पंधरवड्यातून एकदा तरी उघडावी, प्रत्येक पट्टी एकदा वाजवावी, तिच्यावर दिवा, तेल आणि प्रसादाचे ताट ठेवू नये, आणि मुलाला आत काय आहे ते पाहायचे असेल तर त्याच्या हाती स्क्रूड्रायव्हर देण्याऐवजी त्याला दुकानात पाठवावे. दुरुस्तीला द्यायची असल्यास सप्ताहाच्या पंधरा दिवस आधी द्यावी. आदल्या दिवशी आणलेली पेटी घेतली जाणार नाही, असे उस्ताद प्रत्येकाला सांगतात, आणि प्रत्येकाची घेतात.